घरचे मांजर, नवे पिल्लू आणि मुलांचे हात

अकोले तालुक्यातील डोंगरी पाड्यांपासून जामखेडच्या माळावरील वस्त्यांपर्यंत, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मांजर घरात आले ते धान्याचे राखणदार म्हणून. आता सावेडीसारख्या उपनगरातील सदनिकांतही ते कुटुंबाचा घटक झाले आहे. एक मांजर असताना दुसरे पिल्लू येते ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. पिशवीतून आणायचे, घरच्या मांजरापुढे सोडायचे आणि ‘होईल दोस्ती आपोआप’ म्हणायचे, अशी आपली रीत. मग फिस्कारणे, झडप, आणि पिल्लाला वाचवायला धावलेल्या मुलाच्या हातावर बोचकारे. मुलाला घेऊन पालक दवाखान्यात येतात, म्हणून पशुवैद्यकाचा वाटणारा हा विषय या सदरात घेतला आहे.

घरच्या मांजराला दुष्ट ठरवू नये. मांजराचे घर म्हणजे त्याने स्वतःच्या वासाने आखलेली हद्द. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपली पोटरी यांना गाल घासून ते हा वास लावीत असते. अनोळखी वासाचे पिल्लू हे त्याच्या लेखी घुसखोर ठरते. म्हणून आधी वासाची ओळख व्हावी, मग नजरेची आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष भेट.

पिल्लाला पहिले दहा-पंधरा दिवस दार बंद होणाऱ्या वेगळ्या खोलीत ठेवावे. त्याची बशी, पाणी आणि मातीची पाटी तेथेच असावी. या एकांताचा दुसरा लाभ असा, की पिल्लाने बाहेरून आणलेले जंत, पिसवा किंवा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग घरच्या मांजराला होण्याचा धोका कमी होतो. याच काळात पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची तपासणी करून जंतांचे औषध द्यावे. दोघांच्या अंथरुणाची फडकी अधूनमधून बदलावीत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाणे द्यावे. म्हणजे नवा वास आणि भरलेले पोट यांची सांगड बसते. दोघेही निवांत खाऊ लागले, की जाळीच्या दाराआडून दर्शन घडवावे. त्यानंतर मोठ्यांच्या देखत पाच-दहा मिनिटांची भेट आणि पुढे हळूहळू वेळ वाढवावी. दोघांच्या बशा आणि पाट्या वेगळ्याच असू द्याव्यात. खाणे आणि माया यांत पहिला मान जुन्या मांजराचा. थोडे फिस्कारणे स्वाभाविक आहे; मात्र कान मागे पडले, शेपटी फुगली आणि नजर रोखली गेली, तर भेट तेथेच थांबवावी. काही जोड्या आठवड्यात रुळतात, काहींना महिने लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये. खवळलेल्या मांजराला त्या क्षणी मालकही ओळखू येत नाही. मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा, वरून जाड चादर टाकावी. मुलांना हा नियम पिल्लू घरी येण्यापूर्वीच सांगून ठेवावा.

ओरखडा किंवा चावा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने सलग पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये; पट्टी घट्ट बांधू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीज केवळ कुत्र्यापासून होतो, हा समज घातक आहे. मांजरापासूनही तो होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. पिल्लाला रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. त्यामुळे कोवळे पिल्लू निर्धोक समजू नये. रक्त न येता त्वचा खरचटली, तरी लस लागते. रक्त आले असल्यास लसीसोबत जखमेत टोचावयाचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी घेतात. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण त्यासाठी लस लांबवू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयीही डॉक्टरांना विचारावे.

मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून टिंबाएवढी दिसते, पण जंतू आत खोल जातात. चोवीस तासांत हात सुजला, लाल झाला किंवा ठणकू लागला, तर विलंब करू नये. मधुमेह असलेल्यांनी तर सूज येण्याची वाट पाहूच नये.

पिल्लाच्या अंगावर केस गळालेले गोल चट्टे असतील, तर ते गजकर्ण असू शकते आणि मुलांनाही होते. घरात गर्भवती असल्यास मांजर सोडून देण्याचे कारण नाही. तिने पाटी साफ करू नये, इतरांनी ती रोज साफ करावी आणि हात धुवावेत. विष्ठेतील टोक्सोप्लाझ्माचे जंतू संसर्गक्षम होण्यास एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व.

पिल्लू आणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : जुन्या मांजराची वार्षिक लस झाली आहे का, बंद होणारी खोली आहे का, आणि महिनाभर धीर धरण्याची घराची तयारी आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर पिल्लू थोडे उशिरा आणावे.