कॉलेजांतलीं पोरकीं मुलें

पहिलीच्या पोरास अक्षर गिरवावयास शिकविण्यापूर्वीं आम्हांस अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें घासावीं लागलीं. पाठ-टाचण काढावें, सरावपाठ द्यावा, मागें बसलेल्यांनीं चुका सांगाव्या, पुन्हां पाठ द्यावा. तेव्हां कोठें हातीं खडू आला. आतां त्यावर पात्रता परीक्षाहि आहे. पण कॉलेजच्या वर्गावर उभें राहावयाचें तर? एम. ए., एम. एस्सी. आणि नेट-सेट किंवा पीएच्. डी. झाली कीं पुरे. अशी तालीम तेथें आधीं सक्तीची नाहीं. बढतीसाठीं मागाहून कांहीं आठवड्यांचे वर्ग केले कीं झालें! लहान मुलास शिकविणें ही विद्या, आणि मोठ्यास शिकविणें हें काय आपोआप येतें?

वाचकहो, हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. आमच्या शाळेंतली एका ऊसतोड्याची मुलगी बारावी होऊन कॉलेजांत गेली. घराण्यांत कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. तेथें इंग्रजींत टिपणें सांगावयाचीं आणि पोरांनीं उतरून घ्यावयाचीं. कळलें नाहीं म्हणून विचारण्याचा तिला धीर झाला नाहीं. तिला नांवानें कोणी हांक मारली नाहीं. पहिल्याच परीक्षेंत तीन विषय गेले, आणि दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर कोयता घेऊन फडावर गेली. नवल असें कीं तिला एक पालक-प्राध्यापक नेमून दिलेले होते! वहींत तिची सहीहि होती. पण ते कोण, हें तिला आम्हीं विचारलें तेव्हां सांगतां येईना.

नियम नाहींत असें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें प्राध्यापकानें रोज निदान पांच तास कॉलेजांत असावें, आणि पदवीच्या वर्गांस शिकविणाऱ्यानें त्यांतले दोन विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनास द्यावे. नॅकच्या मूल्यमापनांतहि एका मार्गदर्शकामागें विद्यार्थी किती, हें विचारलें गेलें आहे. म्हणून वह्या भरल्या जातात. वही भरली म्हणजे पोर तरलें काय?

प्राध्यापक म्हणतील, ‘‘मुलेंच कच्चीं येतात, शाळेंत तुम्हीं काय केलें?’’ आमच्या पदरीं दोष आहे, तो आम्ही झांकीत नाहीं. पण कच्चें मडकें आलें म्हणून कुंभार तें उकिरड्यावर फेकीत नाहीं. ते असेंहि म्हणतील कीं जागा रिकाम्या आहेत, आणि तासिका तत्त्वावरील माणसास फक्त तासाचेच पैसे मिळतात. हें मात्र खरें, आणि याचा जाब सरकारनें दिला पाहिजे.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मागितलें तें हेंच कीं, शिक्षक तालीम घेतलेला असावा आणि शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा असावा. कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, आणि तेथील मुलांसाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले. त्यांच्याजवळ मार्गदर्शनाची वही नव्हती. पोर जेवलें काय, हें त्यांस ठाऊक होतें.

आमचें मागणें थोडकें आहे. नव्या प्राध्यापकानें पहिलें सत्र अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गांत मागें बसावें, व त्या सहकाऱ्यानें याच्या वर्गांत. पहिल्या महिन्यांतच प्रत्येक नव्या मुलाशीं एकट्यानें, त्याच्या भाषेंत बोलावें. परीक्षा सत्राच्या अखेरपर्यंत न थांबवितां चार आठवड्यांत लहान चांचणी घ्यावी, आणि पेपर चुका दाखवून परत द्यावा. तासिकेवरच्या माणसास या कामाचेहि पैसे द्यावे. आणि समितीच्या लोकहो, वही मागूं नका; शेवटच्या बाकावरच्या पोरास विचारा, ‘‘बाळ, तुझे सर कोण?’’

त्यास नांव सांगतां आलें, तरच तें कॉलेज. नाहीं तर ती पोरें गोळा करून फी घेणारी चावडी आहे, असें आम्ही उघड म्हणूं.