आदेश संपतो, मग शाळा का सुरू होत नाही?



"ऐकलं नाहीस तर रिमांड होमला टाकीन!" हा धाक आपल्याकडे घरात आणि कधी कधी वर्गातही घातला जातो. कायद्यात तो शब्द आता राहिला नाही. तिथे आता निरीक्षणगृह, विशेष गृह आणि बालगृह असे शब्द आहेत. पण त्या दारातून परत आलेल्या लेकराकडे बघायची आपली नजर मात्र जुनीच आहे.

आज मला त्या परत येण्याबद्दल लिहायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. आदेशाची मुदत संपली की मूल घरी येतं, पण बऱ्याचदा शाळेत येत नाही. याला कारण बहुतेक वेळा ते मूल नसतं. आपले कागद आणि आपली तोंडं हे कारण असतं.

ही मुलं कोण असतात?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीचा अपघात झाला. अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून राज्यभर संताप झाला. तेव्हापासून 'बाल न्याय मंडळ' म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. आपल्या जालना जिल्ह्यातली मुलं त्या गोष्टीतली नाहीत.

ही मुलं दोन वाटांनी जातात. पहिली वाट बाल न्याय मंडळाची. मोबाईल चोरला, मोटारसायकल उचलली, भांडणात कुणाचं डोकं फुटलं, अशी प्रकरणं तिथे जातात. दुसरी वाट बालकल्याण समितीची. तिथे गुन्हा नसतोच. अनाथ, घरातून पळालेली, मारहाण किंवा अत्याचार सोसलेली मुलं तिथे येतात. आणि आपल्या भागात बालविवाहातून सोडवलेल्या मुली येतात.

घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. कोयता जोडीचा असतो, म्हणजे उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. त्यातून आठवी-नववीतल्या मुलीचं लग्न ठरतं. कुणीतरी १०९८ ला फोन करतं, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात येतात, लग्न थांबतं. मुलगी समितीसमोर उभी राहते. आई-वडिलांच्या हमीपत्रावर भागलं तर ती घरी जाते, घर सुरक्षित वाटलं नाही तर बालगृहात. तिने काहीच केलेलं नाही. तरी गावात बोलणं एकच, "ती आत होती."

कायदा शाळेच्या बाजूने आहे

बाल न्याय अधिनियम २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. शाळेशी संबंध असलेल्या त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत हव्यात.

कलम ३ मध्ये कायद्याची तत्त्वं आहेत. त्यात 'नव्याने सुरुवात' हे एक तत्त्व आहे. कलम १८ नुसार मंडळ इतर आदेशांच्या जोडीला "शाळेत हजर राहावे" असाही आदेश देऊ शकतं. म्हणजे मंडळ म्हणतं शाळेत जा, आणि शाळा म्हणते आमच्याकडे नको! मग त्या पोराने जायचं कुठं?

कलम २४ सांगतं की दोष सिद्ध झाल्यामुळे येणारी अपात्रता या मुलांना लागत नाही. सोळा वर्षांवरच्या, अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे खटला चाललेल्यांचा तेवढा अपवाद आहे. कलम ७४ तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील कुठल्याही माध्यमातून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपही त्यात आलाच. "आपल्या शाळेतला अमुक" म्हणून बातमीचं कात्रण टाकताना हे लक्षात असू द्या.

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ सोबत असतो. वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढायचं नाही.

खरी खिंड नववीची

अडचण आठवीनंतर सुरू होते. आपल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढे मोठ्या गावातलं एखाद्या संस्थेचं हायस्कूल. तिथे शिक्षण हक्क कायद्याचा हात सुटतो, आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी समोर उभी राहते. चार महिने बुडालेलं पोरगं नववीत कोण घेणार? मग गोड बोलून सांगितलं जातं, "याला १७ नंबर फॉर्म भरा." बाहेरून परीक्षा हा शेवटचा पर्याय म्हणून चांगलाच आहे, मुक्त विद्यालयही आहे. पण ज्याला रोज एका बाकावर बसायची, घंटेला उठायची, कुणीतरी "आलास का रे?" विचारायची गरज आहे, त्याला पहिल्याच दिवशी शाळेबाहेरचा रस्ता दाखवणं म्हणजे पुन्हा त्याच नाक्यावर सोडणं आहे.

हायस्कूल म्हणतं, मूल आठवीनंतर आलंच नाही. प्राथमिक शाळा म्हणते, आम्ही दाखला दिला, आमचं काम संपलं. मूल दोन शाळांच्या मध्ये पडतं.

"बाकीच्या मुलांचं काय?"

पालकांचा हा प्रश्न मी खोटा मानत नाही. मलाही वर्गातल्या तीस लेकरांची काळजी आहे. भांडण ज्याच्याशी झालं तो मुलगा त्याच वर्गात असेल तर दोघांना शेजारी बसवून चालणार नाही. पण मग परिविक्षा अधिकाऱ्यांशी आधी बोलून तुकडी बदलता येते, गरज असेल तर शाळाही. हे ठरवायचं मूल यायच्या आधी, शांतपणे. ते फाटकात उभं असताना सगळ्यांसमोर नाही.

आणि एक विचार करा. हे पोरगं शाळेत आलं नाही म्हणून गावातून नाहीसं होणार आहे का? ते पारावर असेल, पानटपरीवर असेल. तुमच्या मुलांना ते भेटणारच आहे. दप्तर घेऊन भेटावं की रिकाम्या हाताने, एवढंच आपल्या हातात आहे.

आपण काय करू शकतो?

१. पटावरचं नाव घाईने कमी करू नका. मूल कुठे आहे हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारा. समितीची चौकशी साधारण चार महिन्यांत संपावी असं कायदा सांगतो. तेवढी वाट बघणं जड नाही.

२. मूल तिकडे असतानाच अधीक्षकांमार्फत पुस्तकं आणि घटकांची यादी पोहोचवा. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार होतो. शाळेने स्वतःहून संपर्क केला तर त्यात आपल्या शाळेचं नाव लिहिलं जाईल.

३. दाखल्यावरचे रकाने जपून भरा. 'शाळा सोडण्याचे कारण' आणि 'वर्तणूक' या दोन ओळी मुलाबरोबर जन्मभर फिरतात. तिथे निरीक्षणगृह, बालगृह, पोलीस यातला एकही शब्द नको. शेऱ्यातही नको.

४. दाखला पालकांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. अंगठा उठवणारी आई हायस्कूलच्या कार्यालयात काय बोलणार? आपल्या केंद्रातल्या एका शिक्षकाने सोबत जावं. बालरक्षक म्हणून आपल्यातले कितीतरी जण शाळाबाह्य मुलांसाठी वीटभट्ट्या आणि पालं पालथी घालतात. हे मूलही शाळाबाह्यच आहे.

५. मुलीच्या बाबतीत राहायचं काय, हे आधी बघा. आई-वडील फडावर असतील तर हंगामी वसतिगृह किंवा कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय विचारा. नाहीतर ती घरी येते आणि पुढच्या मुहूर्ताला तिचं लग्न उरकलं जातं. परत आलेली मुलगी सलग तीन दिवस दिसली नाही तर घरी जा, शंका आली तर १०९८.

६. पहिले पंधरा दिवस जपा. "कुठं होतास?" हा प्रश्न शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणीच विचारायचा नाही. वर्गात काही हरवलं तर पहिली झडती त्याच्या दप्तराची नको. त्याला फळा पुसायचं, खडू आणायचं, हजेरी घ्यायचं काम द्या. गणितात मागे असेल तर सुटीत दहा मिनिटं बसवा. सहानुभूतीचं भाषण मात्र देऊ नका, मुलांना ते लगेच कळतं आणि टोचतं.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या घरी या मुलाचा विषय निघाला तर जेवणाच्या ताटावर त्याची चर्चा करू नका. रात्री तुम्ही जे बोलता ते सकाळी परिपाठाआधी वर्गात पोहोचलेलं असतं. तुमच्या मुलाला फक्त एवढं सांगा, "तो आलाय ना, त्याला वही दाखव."

आपण डीएड करताना शिकलो की मूल समजून घ्यायचं असतं. परीक्षेत त्यावर पानभर उत्तरंही लिहिली. त्या उत्तराची खरी परीक्षा असं एखादं मूल दारात येतं तेव्हा असते. मंडळाने आपलं काम केलं, समितीने केलं. आता त्याच्यासाठी एक बाक रिकामा ठेवणं आणि हजेरी घेताना त्याचं नाव इतरांसारखंच, त्याच आवाजात घेणं, हे आपलं काम.