गट लहान, पण अध्यापक किती?

येत्या पाच वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या ७५ हजार जागा वाढवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या एक लाखाच्या पुढे गेल्या. डॉक्टरांची वानवा असलेल्या देशात या वाढीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या जागांवरील विद्यार्थ्यांना कसे शिकवणार, हा. त्याचे उत्तर कागदावर केव्हाच देऊन झाले आहे.

व्याख्यानांनी एकतृतीयांशाहून अधिक वेळ घेऊ नये, उरलेला वेळ प्रात्यक्षिके, रुग्णशय्येजवळचे अध्यापन आणि गटचर्चा यांना द्यावा, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या विनियमांतच होते. २०१९पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने तोच दंडक पुन्हा घातला. जुनी दप्तरे चाळणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लवकर कळते: एकच फर्मान पुन्हा पुन्हा निघत असेल, तर ते पाळले जात नव्हते असे खुशाल समजावे.

ते का पाळले जात नाही, हे साध्या गणिताने कळते. दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाचे दहा-दहांचे गट केले तर पंधरा होतात आणि ते एकाच वेळी बसवायचे तर पंधरा अध्यापक लागतात. अडीचशेंच्या वर्गाला पंचवीस. शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र अशा एका विभागात इतके अध्यापक क्वचितच असतात. मग वेळापत्रकात ‘लघुगट चर्चा’ असे लिहिले जाते आणि खोलीत व्याख्यानच चालते. सेवेत असताना एका महाविद्यालयाच्या पाहणीत मी अशा एका ‘लघुगटा’त मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. खोलीत साठेक विद्यार्थी होते, पडद्यावर स्लाइड सरकत होत्या. तासाभरात एकाही विद्यार्थ्याचा आवाज मी ऐकला नाही. नोंदवहीत मात्र तो तास विनियमानुसार पार पडला होता, आणि आमच्या तपासणीच्या नमुन्यातही नोंदवहीपलीकडे पाहणारा रकाना नव्हता.

खरी गटचर्चा कशी असते? एक उदाहरण घेऊ. पन्नाशीची, मधुमेह असलेली बाई तीन आठवड्यांचा खोकला आणि घटलेले वजन घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. एवढेच दहा विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे आणि अध्यापकाने गप्प बसायचे. मुले आधी तपासण्यांची लांबलचक यादी करतात. अध्यापक विचारतो, ‘यातले या केंद्रात काय होईल? आधी काय कराल?’ कोणीतरी थुंकी तपासण्याचे सुचवते. मधुमेहींना क्षयाचा धोका अधिक असतो, हे दुसऱ्याला आठवते. उपचाराकडे वळल्यावर औषधशास्त्राचा प्रश्न उभा राहतो: रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते, मग काय करायचे? आणि ही बाई तीन आठवडे का थांबली, घरात लहान मुले आहेत का, हे कोणी विचारले का? तासाअखेर कोणी काय वाचून यायचे ते ठरते आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात होते.

यात अध्यापकाचे काम व्याख्यानापेक्षा अवघड आहे. चुकीचे उत्तर लगेच न खोडता ते गटाकडूनच तपासून घ्यायचे, दोन बोलक्या मुलांना आवरायचे, आठ अबोल मुलांना बोलते करायचे. मातृभाषेतून शिकून आलेली मुले इंग्रजी व्याख्यानात वर्षभर मूक राहतात. दहा जणांत ती आपल्या भाषेत बोलू लागतात, आणि रुग्णही बहुधा त्याच भाषेत बोलणार असतो. हे कौशल्य अध्यापकालाही शिकावे लागते.

याला परदेशी खूळ म्हणणारे आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९मध्ये समस्याधारित अध्ययन सुरू केले हे खरे. पण चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे एकाच शास्त्राच्या जाणकारांनी आपसांत करायच्या चर्चेचे, सविस्तर विवेचन आहे. तिचे स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा असे दोन प्रकारही तिथे सांगितले आहेत. परंपरेचा डंका पिटण्यासाठी हे सांगत नाही. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत यांपैकी दुसरा प्रकारसुद्धा होत नाही.

गटचर्चेने परीक्षेतील गुण ठळकपणे वाढतात असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिचा लाभ वेगळा आहे. शस्त्रक्रियागृहात वरिष्ठांची चूक दिसूनही कनिष्ठ डॉक्टर गप्प राहतो, परिचारिका शंका गिळून टाकते. इतरांदेखत ‘मला हे पटत नाही’ असे म्हणण्याचा सराव पाच वर्षांत कधीच झालेला नसतो. त्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो. परिचर्या आणि वैद्यकीय शाखांच्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा तरी एकाच गटात बसवायला हवे ते यासाठीच.

मार्ग आहेत. अमेरिकेत लॅरी मायकेलसन यांनी रूढ केलेल्या संघाधारित अध्ययनात एकच अध्यापक मोठ्या दालनात पाच-सात जणांचे अनेक संघ हाताळतो. आपल्या गर्दीला ते सोयीचे आहे. निवासी डॉक्टरांना रीतसर प्रशिक्षण देऊन गट सोपवता येतील. सरकारी रुग्णालयांतील अनुभवी तज्ज्ञांना अध्यापकपदाचा मार्ग २०२५च्या विनियमांनी मोकळा केला आहे. त्यावर जागांची मान्यता मिळवण्यासाठी डोकी मोजण्याचा उपाय म्हणून टीका होते, ती अनाठायी नाही. या तज्ज्ञांना गट चालवायला शिकवले तरच त्या तरतुदीचे चीज होईल. पण पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर ठरतो तोवर विद्यार्थी चर्चेतून उठून शिकवणी वर्गाकडेच धावणार. अंतर्गत मूल्यमापनात चर्चेतील सहभागाला खरे वजन देणे, एवढे तरी विद्यापीठांच्या हाती आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी जागा मंजूर करण्यापूर्वी महाविद्यालयाकडून एक तक्ता मागावा: कोणत्या विषयाचे किती गट, प्रत्येक गटासमोर कोण बसणार, त्याने यासाठी प्रशिक्षण कुठे घेतले. तक्त्यातील नावे आणि आधारशी जोडलेली हजेरी ताडून पाहण्याची सोय आयोगाकडे आजही आहे. पूर्वसूचना न देता एखाद्या तासाला निरीक्षकाने मागच्या बाकावर बसावे आणि किती विद्यार्थी बोलले, तेवढे मोजून यावे.