खाणीतल्या बायका

परवा नातीने लॅपटॉपवर 'बॉम्ब गर्ल्स' (२०१२-१३) ही कॅनडाची मालिका लावून दिली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या कारखान्यात कामाला लागलेल्या बायकांची गोष्ट. आवडली. पण आपल्याकडच्या बायकांचं काय?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. फळ्यावर हिटलर आला, हिरोशिमा आलं. या बायका काही आल्या नाहीत. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करायला बायकांना १९३७ पासून बंदी होती. युद्धात मजूर कमी पडू लागले, कोळसा तर हवाच, म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. मध्य प्रांत-वऱ्हाडातही, आपला बुलढाणा तेव्हा त्याच प्रांतात. मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात रेणुका राय यांनी याचा जाब विचारला. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, ही अडचणीपुरती सोय आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल.

पुरुषाइतकी! आमच्या पिंपळगावात शेतावर आजही बाईचा रोज गड्यापेक्षा कमीच.

१९४६ मध्ये बंदी परत आली. सुटल्या बिचाऱ्या, असं मलाही आधी वाटलं. पण मग घरातली चूल कशावर पेटली असेल? खाली उतरवताना सरकारला कोळसा दिसला, वर काढताना नियम. बाईचा रोज दोन्ही वेळा हिशोबाबाहेरच. पुढे २०१९ मध्ये पुन्हा मुभा मिळाली, तीही तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी. टोपली उचलणारीसाठी नाही.

असो. हे सगळं नातीला सांगितलं, तर म्हणते कशी, "आजी, याची मालिका कुठे बघायला मिळेल?"