आधी सेल बदला, मग नव्या संगणकाचे बोला



टेबलावरचा संगणक सुरू करताना रोज जुनीच तारीख दाखवू लागला, की आपण लगेच म्हणतो, "म्हातारा झाला, आता नवा घेऊ." माझे मत असे, की तसे म्हणण्याआधी त्याचा सेल बदलून पाहावा. आणि तो मोठ्यांना शेजारी बसवून मुलांनीच बदलावा.

हा सेल असतो कुठे? आतल्या मदरबोर्डवर, साधारण दहा सेंटच्या नाण्याएवढा, पण जाडीला जास्त. त्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब फक्त ३ व्होल्ट. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आयबीएमच्या १९८४ च्या 'पीसी एटी'मध्येही असे सेलवर चालणारे घड्याळ होते. या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मुलांनो, हा आकडा पंधरा वेळा निम्मा करून पाहा, बरोबर १ उरतो!

सेल संपला की तारीख चुकते. तारीख चुकली की बँकेची किंवा शाळेची वेबसाइटही उघडत नाही, कारण तिच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही. मग आपण व्हायरसला नाही तर इंटरनेटला दोष देतो. खरा दोषी असतो काही युरोंचा सेल.

कोणी म्हणेल, मुलांनी विजेच्या वस्तूंना हात लावू नये. काळजी योग्य आहे, पण तिच्यावर उपाय शिकवणे हाच. प्लग भिंतीतून काढावा, मग चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे. झाकण उघडल्यावर पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. विजेचा पुरवठा करणारा आतला डबा मात्र कधीही उघडू नये. जुन्या सेलचा फोटो काढावा, बाजूची पट्टी हलकेच दाबून तो सोडवावा आणि नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवावा. सेल डाग देऊन पक्का केलेला असेल तर तिथेच थांबावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर तिची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी. शेवटी तारीख-वेळ लावावी.

खरा धोका विजेपेक्षा त्या सेलचाच आहे. लहान भावंडाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर जखम होऊ शकते. संपलेला सेलही तितकाच घातक. अशी नुसती शंका आली तरी थांबू नका, लगेच ११२ किंवा ९९९ लावा. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि तो बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानातल्या पेटीत टाकावा. आयर्लंडमधली दुकाने २००८ पासून जुन्या बॅटऱ्या फुकट परत घेतात.

आपण राहतो तो भागही या बाबतीत साधा नाही. शेजारच्या एनिसची १९९७ साली 'इन्फर्मेशन एज टाउन' म्हणून निवड झाली आणि तिथे घरोघर संगणक पोचले. लिमरिकला डेलच्या कारखान्यात संगणकांची जुळणी होत असे. ते काम पोलंडला नेण्याची घोषणा २००९ च्या जानेवारीत झाली. ज्या गावांनी संगणक जुळवले, तिथल्या मुलांनी झाकण उघडायला का घाबरावे? आणि पालकहो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली आठवा. सुटा भाग आणून वस्तू पुन्हा चालू करणे ही तिथे रोजची गोष्ट. इथे मजुरी महाग म्हणून ती सवय सुटते, आणि आपली सुटली की मुलांना ती लागतच नाही.

सेल बदलूनही संगणक अडला, तर खुशाल नवा घ्या. पण टाकून देण्याआधी शनिवारच्या वर्गात एक शब्द टाका. स्क्रू ड्रायव्हर मी आणीन, झाकण मात्र तुम्ही उघडायचे.