मस्तानी गेली, घराणं संपलं नाही

मराठी मुसलमानानं ऐतिहासिक कादंबरी वाचावी का, यावर आमच्यात अधूनमधून वाद झडतो. एक बाजू म्हणते, त्यात आपल्या वाट्याला क्रूर खान आणि कपटी सरदार एवढंच येतं, मग कशाला वाचायचं? दुसरी बाजू आमच्या बाहेरची. हातात ‘स्वामी’ दिसली की ही मंडळी कौतुकानं विचारतात, “अरे वा, तुम्ही हेही वाचता?” त्या ‘हेही’मध्ये सगळं आलं. माझं भांडण दोघांशीही आहे.

मी घोडपदेवचा. गोदी, गोदामं आणि गिरण्या यांच्या मधली वस्ती. आमच्याकडे वाचनालय म्हणजे एक खोली, भिंतीला लाकडी फळ्या आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेली पुस्तकं. त्या फळ्यांवर नाथमाधवांची स्वराज्यमाला होती, वि. वा. हडपांची ‘कादंबरीमय पेशवाई’ होती. अशा मालिका वाचण्यात काय सुख असतं ते ज्यानं भागामागून भाग वाचले त्यालाच कळतं. पुढचा भाग नेमका दुसऱ्या कुणीतरी नेलेला असायचा. मग आठ दिवस वाट बघा. एका भागात पाळण्यातलं पोर पुढच्या भागात घोड्यावर मांड टाकायचं. बापानं दिलेला शब्द लेकाला निस्तरावा लागायचा. अब्बांना वाचनाचा कंटाळा, पण गोदीतून आले की जेवताना विचारायचे, “पुढे काय झालं?” घराण्याच्या गोष्टीचा सगळा जीव या एका प्रश्नात असतो.

पुढे आम्ही वाचकांनीच आपली मालिका जुळवली. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, मग विश्वास पाटलांचं ‘पानिपत’, मग रणजित देसाईंची ‘स्वामी’, शेवटी पुन्हा इनामदारांची ‘मंत्रावेगळा’. लेखक वेगळे, काळ वेगळा, कुणीही ठरवून लिहिलेली ही मालिका नव्हे. पण क्रमानं वाचली तर पहिल्या बाजीरावापासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत एकच घराणं डोळ्यांपुढून जातं. त्यातली प्रेमं, रुसवे, भाऊबंदकी, आजारपणं आमचीही झाली. त्यासाठी आम्ही कुणाची परवानगी मागितली नाही आणि मागायची गरजही नाही.

आधी आपल्यांशी बोलतो. तक्रार खोटी नाही. पुष्कळ कादंबऱ्यांत मुसलमान माणूस म्हणून येतच नाही. पण ज्या इनामदारांनी ‘राऊ’ लिहिली त्यांनीच ‘शहेनशाह’ लिहून औरंगजेबाला नायकाच्या जागी बसवलं. ‘पानिपत’मधला इब्राहिमखान गारदी वाचून कुणाची छाती भरून येत नाही? १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपण मराठी ही आपली भाषा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. भाषा आपली म्हटली की तिची कपाटंही आपली. जो वाचतच नाही, त्याला चुकीचं काय लिहिलंय ते सांगताही येत नाही.

आता इतरांशी. ‘राऊ’ १९७२ची. तिच्यावरचा सिनेमा २०१५ साली आला आणि घराघरात मस्तानीची गाणी वाजली. तिच्या गोऱ्या गळ्यातून विड्याचा रस उतरताना दिसायचा, ही दंतकथा पोराटोरांना पाठ आहे. १७४० साली रावेरखेडीला बाजीराव गेला, पाठोपाठ मस्तानी गेली, आपण डोळे पुसले. इथे अब्बांचा प्रश्न विचारा. पुढे काय झालं? बहुतेकांना सांगता येत नाही.

तिचं सहा वर्षांचं पोर मागे राहिलं होतं. शमशेरबहाद्दर. त्याला काशीबाईंनी वाढवलं. सवतीच्या मुसलमान लेकराला पोटाशी धरणारी ही बाई कादंबरीच्या शंभर पानांची धनीण आहे. तो पोरगा पेशव्यांच्या फौजेत लढला. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनं उभा होता. जखमी होऊन जाटांच्या मुलखात पोचला आणि तिथेच वारला. वय सत्तावीस.

त्याचा मुलगा अलीबहाद्दर. मस्तानीचा हा नातू हिंमतबहाद्दर गोसाव्याला बरोबर घेऊन बुंदेलखंडात उतरला आणि बांद्याला ठाण मांडून बसला. मुसलमान सरदार, त्याच्या सोबतीला गोसाव्यांची फौज, आणि मुलूख जिंकायचा तो पेशव्यांच्या नावानं. १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यातच त्याचा अंत झाला.

त्याचा नातू दुसरा अलीबहाद्दर, म्हणजे मस्तानीचा खापरपणतू. एप्रिल १८५८मध्ये इंग्रजांच्या व्हिटलॉकनं त्याला बांद्याजवळ हरवलं. तो कुठे गेला? काल्पीला. तिथे झाशीची राणी होती, तात्या टोपे होते आणि पेशव्यांच्या गादीचं नाव सांगणारे रावसाहेबही होते. ज्या घरानं मस्तानीला दाराबाहेर ठेवलं, त्या घराची आणि मस्तानीच्या रक्ताची तलवार शंभरावर वर्षांनी एकाच बाजूला होती. याहून मोठं शेवटचं प्रकरण कुठल्या कादंबरीकाराला हवं? नवाबाला पुढे इंग्रजांनी इंदूरला ठेवलं, वर्षाला छत्तीस हजार रुपये पेन्शन देऊन.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ते लोक लांब बुंदेलखंडात गेले, त्यांचा महाराष्ट्राशी काय संबंध? मग ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर कुठे राहिले? दुसरा बाजीराव विठूरला गेला म्हणून त्याला आपण मराठी इतिहासातून काढलं का? स्वतः राऊंनी देह ठेवला ते रावेरखेडीही नर्मदेकाठी, आजच्या मध्य प्रदेशात. अंतर सगळ्यांना माफ आणि एका फांदीलाच मोजायचं, तर अडचण मैलांची नाही, नावांची आहे.

प्रेयसी म्हणून मुसलमान बाई चालते. ती सुंदर असते, गाते, नाचते आणि वेळेवर मरते. तिचा मुलगा मात्र जगतो, वाटा मागतो, दौलतीसाठी लढतो आणि आडनावावर हक्क सांगतो. म्हणून कादंबरी तिच्या मरणापाशी मिटलेली बरी वाटते. घराण्याची गोष्ट आवडते म्हणता ना? मग घराणं पुरतं घ्या.

आणि आपल्या लिहित्या पोरांना वेगळं सांगतो. तक्रारीचे लेख पुष्कळ झाले. पाबळची मस्तानीची कबर, पानिपत, कालिंजर, काल्पी, सगळ्या जागा आहेत तिथेच आहेत. जा, बघा, कागद वाचा आणि चार भाग लिहा. मराठीत लिहा. प्रेमप्रकरणं भरपूर घाला, लढाया घाला, सासवासुनांची भांडणंही घाला. रात्री दिवा मालवायला उशीर झाला पाहिजे आणि पुढचा भाग कुणी नेला म्हणून वाचकानं चरफडलं पाहिजे. असं पुस्तक हातात पडलं की “तुम्ही हेही वाचता?” असं विचारणारेही आमच्याबरोबर रांगेत उभे राहतील.