बद्रला किती वेळ थांबायचे?

उमऱ्याला निघालेल्या माणसाला आमच्या मोहल्ल्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. पॅकेज कितीचे? आणि मक्केहून मदिनेला कसे जाणार? पहिल्या प्रश्नात मला फारसा रस नाही. दुसऱ्यावर मात्र माझे ठाम मत आहे.

पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होते, टूरवाल्याची बस. 2018 मध्ये हरमैन रेल्वे सुरू झाली. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावणारी ही गाडी दोन-सव्वादोन तासांत मदिनेला पोहोचवते. तिसरा पर्याय खासगी गाडीचा. चार-पाच जणांचे कुटुंब असेल तर हॉटेलच्या दारातून बसायचे आणि मदिनेच्या हॉटेलच्या दारात उतरायचे. सामान चढवा-उतरवायची कटकट नाही, म्हाताऱ्या माणसाला स्टेशनात चालवत न्यायला नको. ही गाडी ठरवताना ड्रायव्हर एक प्रश्न विचारतो, "सीधा मदिना, या बद्र भी?" बद्र म्हटले की भाडे थोडे वाढते.

माझे म्हणणे असे की सवड आणि तब्येत असेल तर बद्र म्हणावे. पण वीस मिनिटांसाठी म्हणू नये.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे सांगते. बद्र हे मदिनेच्या नैऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवरचे गाव. हिजरी सन 2, रमजानची 17 तारीख, म्हणजे इसवी सन 624 चा मार्च महिना. त्या दिवशी इथे मक्केच्या कुरैशांचे सुमारे हजार माणसांचे सैन्य आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासोबतचे तीनशे तेराच्या आसपास साथीदार समोरासमोर आले. साथीदारांपैकी चौदा शहीद झाले, सहा मुहाजिर आणि आठ अन्सार. कुरैशांचे सत्तर मारले गेले, सत्तर कैद झाले. इस्लामच्या इतिहासातली ही पहिली मोठी लढाई. आमच्या घरांत मूल बोलायला लागले की थोड्याच दिवसांत 'तीनशे तेरा' हा आकडा शिकते.

थेट महामार्गाने मदिना साधारण साडेचारशे किलोमीटर, चार-साडेचार तास. त्या रस्त्यावर बद्र लागत नाही, वाट बदलावी लागते. म्हणून बद्र करायचे तर निम्मा दिवस हातचा धरून चालावे. इथेच गोची होते. ड्रायव्हरला त्याच दिवशी परतीचे भाडे गाठायचे असते, आपल्याला मस्जिद-ए-नबवीत मगरिब गाठायची असते, आणि दोघांच्या घाईत बद्र चिरडले जाते. आम्ही गेलो तेव्हा शहिदांच्या कब्रस्तानाच्या भिंतीजवळ गाडी थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, "अम्माजी, बीस मिनट." आमच्या शेजारीच दुसऱ्या एका गाडीतून सहा जण उतरले, भिंतीकडे पाठ करून फोटो काढले, दुआसाठी हात उचलले आणि हात खाली येण्याआधीच ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना तेवढाच वेळ विकलेला होता.

अम्मी मात्र उतरून भिंतीच्या सावलीत टेकली आणि म्हणाली, "बेटा, मला कुणीतरी नीट सांगा, कोण कुठे उभे होते." पंचाहत्तर वर्षांच्या बाईचा हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. माझ्या वर्गातली मुलेही नकाशा उघडला की आधी हेच विचारतात. वीस मिनिटांत याचे उत्तर देता येत नाही. आम्ही ड्रायव्हरशी बोललो, थांबण्याचे पैसे वाढवून दिले आणि दीड तास थांबलो.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो आमच्या घरातूनच आला होता. माझा धाकटा दीर जेद्दाहला नोकरी करतो. दीनदार, अभ्यासू मुलगा. तो म्हणाला, "भाभी, बद्र हा उमऱ्याचा भाग नाही. सफर फक्त तीन मस्जिदींसाठी करायची असते. असल्या जियारतीतून पुढे बिदअत सुरू होते." तीन मस्जिदींची हदीस मलाही ठाऊक आहे, मस्जिद-ए-हराम, मस्जिद-ए-नबवी आणि मस्जिद-ए-अक्सा. बद्र उमऱ्याचा भाग नाही हेही शंभर टक्के खरे. जो ड्रायव्हर किंवा एजंट "बद्र केल्याशिवाय उमरा अधुरा" म्हणतो, तो खोटे बोलतो, आणि असे बोलणारे आहेत. भिंतीला हात लावून चेहऱ्यावर फिरवणे, माती पुडीत बांधून आणणे, हे मीही पाहिले आहे आणि मला ते पटत नाही.

पण आमची सफर मस्जिद-ए-नबवीचीच होती. गाडी तिकडेच चालली होती. वाटेत थांबून चौदा माणसांना सलाम करणे आणि तिथे काय घडले ते समजून घेणे, याला सफरचा हेतू बदलणे कसे म्हणायचे? कब्रस्तानात गेल्याने आखिरतची आठवण होते, ही शिकवणही हदीसमध्येच आहे. माझी भीती दिराच्या भीतीच्या उलट आहे. अर्थ काढून घेतला की उरते ती निव्वळ जागा. वीस मिनिटांत माणसाला काही कळत नाही, मग तो भिंतीला हात लावतो. ज्याला कुणी काही सांगितले असेल, त्याला माती आणायची गरज वाटत नाही. बिदअतची खरी चिंता असेल तर थांबण्याचा वेळ वाढवा आणि सांगणारा माणूस सोबत द्या.

शिवाय बद्रचा थांबा टॅक्सीवाल्यांनी शोधलेला नाही. शामहून मक्केला जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर बद्र होते, तिथे विहिरी होत्या, बाजार भरायचा. लढाई तिथे झाली तीही पाण्यामुळेच. सीरतच्या ग्रंथांत हुबाब बिन मुन्जिर (रजि.) यांचा प्रसंग येतो. प्रेषितांनी (सल्ल.) एका ठिकाणी तळ टाकला तेव्हा हुबाब यांनी विचारले, हा अल्लाहचा हुकूम आहे की युद्धातला आपला विचार? विचार आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी शत्रूच्या सर्वांत जवळच्या विहिरीपर्यंत पुढे जाण्याचा सल्ला दिला, आणि तो मानला गेला. एका साध्या साथीदाराने प्रश्न विचारला आणि तळ हलला. आमच्या जमातींच्या बैठकांत, शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत, किती जणांना असा प्रश्न विचारायची मुभा आहे? असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

दुसरी एक गोष्ट मला गाडीत बसल्या बसल्या आठवत होती, कारण आम्ही पाच जण आणि सात बॅगा, आणि मागच्या सीटवर कोण बसणार यावरून कुरबूर सुरू होती. बद्रला निघालेल्या त्या तीनशेवर माणसांकडे उंट होते सत्तरच्या आसपास आणि घोडे दोन. एका उंटावर तीन-तीन माणसांनी पाळीपाळीने बसायचे. प्रेषितांच्या (सल्ल.) वाट्याला आलेल्या उंटावर हज. अली (रजि.) आणि आणखी एक साथीदार होते. ते दोघे म्हणाले, आपण बसून राहा, आमच्या पाळीचे आम्ही चालतो. प्रेषितांनी ते मान्य केले नाही. तुम्ही माझ्यापेक्षा बळकट नाही आणि पुण्याची गरज मलाही आहे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर हदीसमध्ये आले आहे, आणि आपल्या पाळीला ते चालले. मी हे सांगितल्यावर माझा भाचा गुपचूप मागच्या सीटवर गेला. एसी तिकडे पोहोचत नव्हता, तरी.

पण मी बद्रबद्दल एवढी आग्रही आहे त्याचे मुख्य कारण कैद्यांचे आहे. मी बावीस वर्षे शिकवते आहे, आधी उर्दू माध्यमात, आता उर्दू आणि मराठी दोन्ही. त्यामुळे माझा पक्षपात असेल तर तो कबूल.

सत्तर कैद्यांना मदिनेला आणले. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडून खंडणी घेऊन सोडले, हजार दिरहमपासून चार हजारांपर्यंत. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना सांगितले गेले की मदिनेच्या मुलांना लिहायला शिकवा, तीच तुमची खंडणी. दहा मुले शिकवा आणि मोकळे व्हा, अशी नोंद आहे. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे असलेल्या माणसांसमोर आपली मुले पाटी घेऊन बसवायची! आणि ती माणसे अजून मुसलमान झालेली नव्हती. आजही कुणी म्हणते की अमक्या समाजाच्या शिक्षकाकडे मुले पाठवू नका, तमक्या भाषेच्या शाळेत घालू नका, मराठी शिकून मुलगी हातची जाईल. तेव्हा मला या पहिल्या मास्तरांची आठवण होते. त्यांचा धर्म वेगळा होता, त्यांनी युद्ध केले होते, तरी त्यांच्याकडून अक्षर घ्यायला कुणाला कमीपणा वाटला नाही.

या कहाणीला एक शेपूटही आहे, ते मला फार आवडते. मुस्नद अहमदमध्ये आहे. एक मुलगा रडत बापाकडे आला. काय झाले? मास्तरांनी मारले. बाप भडकला, म्हणाला, तो बद्रचा सूड उगवतोय, पुन्हा त्याच्याकडे जायचे नाही! चौदाशे वर्षांत पालक-शिक्षक संबंधांत फारसा फरक पडलेला नाही. मी भिंतीच्या सावलीत हे अम्मीला सांगितले तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या गाडीतल्या बायका वळून बघायला लागल्या. मग त्यातली एक जवळ आली. हैदराबादची होती. म्हणाली, "बाजी, जरा हमें भी बताओ." तिचा ड्रायव्हर हॉर्न देत होता, तरी ती दहा मिनिटे उभी राहिली.

हे सारे रेल्वेत बसून, मोबाईलवर वाचूनही कळेल, असे कुणी म्हणेल. कळेल. पण अम्मीने ते मोबाईलवर वाचले नसते. तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करून जहाजाने हजला गेले होते. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना मक्का ते मदिना उंटावरून दहा-बारा दिवस लागत. त्या दहा-बारा दिवसांत प्रत्येक मुक्कामी कुणीतरी काहीतरी सांगत असणार. आपण दहा दिवसांचे दोन तास केले ते चांगलेच झाले, मला उंटावर बसायची अजिबात हौस नाही. पण वाचवलेल्या वेळातून दीड तास सांगण्या-ऐकण्यासाठी काढायला काय हरकत आहे?

ड्रायव्हरबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपले लोक भाव करताना त्याला विसरतात. आमचा ड्रायव्हर स्वातकडचा होता. परवानाधारक गाडी होती. बिनपरवान्याच्या गाडीत स्वस्त म्हणून बसू नये, पकडले तर भररस्त्यात उतरवून ठेवतात आणि सोबत म्हातारी माणसे असतात. तर त्याला आम्ही विचारले, भाईजान, तुम्ही इथे किती वेळा आलात? म्हणाला, मोजलेले नाही. आणि आत मस्जिद-ए-अरीशमध्ये नमाज? ही मस्जिद प्रेषितांसाठी (सल्ल.) लढाईच्या वेळी उभारलेल्या छपराच्या जागी आहे, असे मानतात. तो हसला, म्हणाला, गाडी कोण सांभाळणार, आणि सवारी घाईत असते. त्या दिवशी माझे मिस्टर गाडीजवळ थांबले आणि तो आत जाऊन जोहर पढून आला. आपण "बीस मिनट" म्हणून ज्याला नावे ठेवतो, त्याच्याकडूनच आपण सर्वांत कमी भाड्यात दोन फेऱ्या करून घेतो, हे हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून गाडी ठरवतानाच बोलून घ्यावे: बद्रला किती तास थांबणार, थांबण्याचे पैसे किती, नमाज आणि जेवण कुठे. नंतर घासाघीस करण्यात दोघांचीही इज्जत जाते. सोबत बायका-मुले आणि वयस्कर माणसे असतील तर स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी विचारावे, भर उन्हात शोधत फिरावे लागते. उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळावी, फजरनंतर लगेच निघावे.

आणि आपल्या गावोगावच्या टूरवाल्यांना माझी एक सूचना आहे. तुम्ही पत्रकात खजुराच्या बागा, बद्र, उहुद अशी यादी छापता, शेजारी जेवणातल्या बिर्याणीचा फोटो देता. त्याऐवजी बद्रसाठी दीड तास असे स्पष्ट छापा आणि बसमध्ये मराठीत किंवा उर्दूत सांगू शकेल असा एक माणूस बसवा. आलिमच हवा असे नाही. शाळेतली एखादी निवृत्त शिक्षिका चालेल. त्या बसमध्ये निम्म्या बायका असतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी हा इतिहास आजवर फक्त पडद्यामागून, लाऊडस्पीकरवर, तुटक तुटक ऐकलेला असतो.

आमच्या गल्लीतली तीन कुटुंबे येत्या हिवाळ्यात निघत आहेत. त्यांच्यासाठी मी दोन पानांचे टिपण लिहिले आहे, नकाशासकट. अम्मीने ते वाचून घेतले आणि एकच दुरुस्ती सुचवली: मास्तरांनी मारले तो किस्सा सर्वांत वर घ्या.